पत्र मध्येच सोडायचं नाही

लेडीज हॉस्टेल, मद्रास
मंगळवार, १७ जानेवारी १९६१

प्रिय विशाला,

सप्रेम नमस्कार. अप्पांना आणि राजसआत्यांना माझा साष्टांग. मी सुखरूप पोचले, पोटऱ्या दुखताहेत, बाकी ठीक. तुमच्याकडेही सगळं ठीक असेल असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

पोंगलचे दोन दिवस तुमच्याकडे जेवले, झोपले, हिंडले, त्याचे आभार मानायला हे पत्र. तू म्हणशील, आमचं ट्रिप्लिकेन काय लांब आहे, येत्या शनिवारी आलीस की तोंडानंच मान. पण पाहुणचार घेतला की पत्र लिहावं, असं आम्हाला नैरोबीच्या शाळेत मडमेनं शिकवलं आहे. शिवाय तुमच्या घरी मराठी पत्र आलं की जो सोहळा होतो, तो मला फार आवडतो. तू आणि अनंतू मराठी बोलता, पण वाचायचं म्हटलं की तमिळ नाहीतर इंग्रजी. त्यामुळे मराठी पत्र अप्पांनीच वाचायचं. ते झोपाळ्यावर बसतात, चष्मा पुसतात, आणि शाळेत हेडमास्तर होते तेव्हा वर्गाला धडा वाचून दाखवत असतील तसं सबंध घराला ऐकवतात. दादाचं दिवाळीचं पत्र आलं तेव्हा मी तिथेच होते. राजसआत्या ओल्या हातानं येऊन बसल्या होत्या. मध्येच दूध उतू जातंय म्हणून उठल्या, तर अप्पा थांबले आणि म्हणाले, "बस गे राजसक्का. पत्र म्हंजे घरांत आलेला पाहुणा. त्याचं बोलणं अर्धं टाकून उठूं नये." दूध गेलं उतू. पत्र मात्र पुरं झालं.

हेही पुरं होईल अशा भरवशावर सावकाश लिहिते.

आधी जेवण. शनिवारच्या पंगतीची मी आठ दिवस वाट पाहत होते, कारण आमच्या मेसचं सांबार म्हणजे कोणीतरी डाळीला लांबून नमस्कार केलेलं पाणी. तुमच्या अंगणात पोंगल उतू गेला, आत्यांनी "पोंगलो पोंगल" म्हणून हाक दिली, आणि त्या गुळाच्या, तुपाच्या, वेलदोड्याच्या वासानं मला एकदम घरची आठवण झाली. नैरोबीला आई संक्रांतीला तीळ मिळतील तेवढ्याचे लाडू करते आणि उरलेल्या गुळाचा भात. अप्पांनी नेहमीप्रमाणे सांबार हे मुळात आपल्या तंजावरच्या मराठ्यांचं, हे सांगितलं. मी नेहमीप्रमाणे हे पहिल्यांदाच ऐकते आहे असं तोंड केलं. डांगर पचडी मी तीनदा घेतली.

वाढायला तुझी वहिनी अलमेलू होती. लग्न होऊन आली तेव्हा केळीच्या पानाच्या कुठल्या टोकाला मीठ वाढायचं हेही तिला सुचत नव्हतं, आता हात चांगला सरावला आहे. "अक्का, अजून घालूं की?" म्हणून माझ्यापाशी थांबत होती. मला ती अक्का म्हणते. ते मी चालवून घेते. त्या घरात मी काय काय चालवून घेतलं हे कधीतरी बसून आठवलं पाहिजे. अनंतू पंगतीत होता की नव्हता, माझं लक्ष नव्हतं. त्यानं दोनदा ताक मागितलं आणि पायसम परत पाठवलं, एवढंच दिसलं.

मग मी म्हटलं, उद्या कनू आहे, पोंगलचा दुसरा दिवस, कनूला सगळे बाहेर पडतात, आपणही पक्षितीर्थाला जाऊ, डोंगर चढू, दुपारी पक्षी येतात ते पाहू. तुला आठवत असेल, अप्पांचा हात पानावर तसाच राहिला. "ऊन बहु असतं," ते म्हणाले. मी म्हटलं, जानेवारीत कसलं ऊन. "पायऱ्या बहु." मी म्हटलं, आईनं लिहिलं आहे की होणाऱ्या सुनेला घेऊन देवदर्शन कर. नवऱ्या मुलाच्या बहिणीला नाही म्हणायची तुमच्याकडे पद्धत नाही.

अप्पा भात कालवत म्हणाले, "मग राजसक्कालाही न्या. म्हाताऱ्या माणसाबरोबर हळू चालायला कोणी पाहिजे. विशाला चालेल." आत्या लगेच हो म्हणाल्या. गेल्या महिन्यात पायरी उतरून कोपऱ्यावरच्या देवळात जाणं नको म्हणणारी बाई डोंगर चढायला तयार झाली. अप्पा, तुमची युक्ती चांगली होती. मला ती तिथल्या तिथे कळली, एवढंच तिच्यात कमी होतं.

विशाला, मला खरं तर आधीपासूनच कळलं होतं. तीन वर्षं शनिवारी रात्री मी तुझ्या खोलीत झोपते. तुला पाठीशी तीन उशा लागतात, म्हणून मी तुला महाराणी म्हणायची. मग गेल्या वर्षी वॉर्डात काम सुरू झालं, आणि तशाच उशांवर टेकून बसलेल्या बायका मी खाटेखाटेवर पाहिल्या. त्यानंतर मी महाराणी म्हणणं सोडलं. तुझ्या ते लक्षात आलं नाही. गच्चीवर कपडे वाळत घालायला तू कधी जात नाहीस, बसमागे धावत नाहीस, गाणं अर्ध्यावर सोडून हसतेस. दादा गेल्या मे महिन्यात इथे आला तेव्हा तुझ्या गालांची लाली पाहून खुळा झाला आणि आईला त्यानं ती दोन पानं भरून लिहिली. ती लाली कशानं येते हे आम्हाला पुस्तकात आहे.

आईचं पत्र मला डिसेंबरात आलं. एप्रिलच्या बोटीनं ती आणि दादा लग्नासाठी निघणार. तिनं लिहिलं होतं, "तू डॉक्टर होणार, मुलगी नीट बघून घे, नंतर बोलायला नको." तेव्हा डोंगर ठरला.

रविवारी सकाळी गच्चीवर आपण कनू ठेवली. तुला जिना चढायला वेळ लागला आणि मी मुद्दाम मागे वळून पाहिलं नाही. हळदीच्या पानावर पिवळ्या, लाल, पांढऱ्या भाताचे मुटके मांडले. कावळ्यांना हाका मारताना आत्या मला म्हणाल्या, "भावाचं बरं होऊं दे, असं तोंडानं म्हणायचं गे. मनांत म्हटलेलं कावळ्याला ऐकूं येत नाही." तू अनंतूसाठी म्हणालीस, मी दादासाठी. मी ते मनापासून म्हटलं. पुढचं ऐकताना तेवढं लक्षात असू दे.

अप्पा गुडघ्यामुळे आले नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी पुढचं सविस्तर लिहिते.

ब्रॉडवेच्या स्टँडवरून बस मिळाली, बसायलाही मिळालं. अलमेलूनं डबे मांडीवर धरले होते: लिंबाचा भात, चिंचेचा भात, खोबऱ्याचा भात आणि दहीभात, वर आंबेहळदीचं लोणचं. चेंगलपट्टूच्या पुढे भाताची खाचरं कापून झालेली, बैलांची शिंगं निळ्या-लाल रंगानं रंगवलेली, आणि सगळ्या रस्त्यानं माणसं नव्या कपड्यांत चाललेली. तू खिडकीशी बसून तमिळ गाणं म्हणत होतीस. फार छान दिसत होतीस. मी तुझ्याकडे पाहत होते आणि मला वाटत होतं, नको, डबे इथेच कुठेतरी झाडाखाली उघडावे आणि परत जावं. हे वाटलं ते खरं वाटलं.

पायथ्याशी डोलीवाले होते. मी खाली उतरल्याबरोबर त्यांच्याशी ठरवलं आणि आत्यांना डोलीत बसवलं. त्या नको नको म्हणत होत्या, तुझ्याकडे बघत होत्या, पण डोली खांद्यावर गेली तशी त्यांना मजा वाटू लागली. त्या माणसांची चाल झपझप. बघता बघता आत्या वरच्या वळणापलीकडे गेल्या. हळू चालायला आता कोणी राहिलं नाही. अनंतू आणि अलमेलू पुढे गेले होते. वळणावर त्यानं तिचा दंड धरला होता, तिथे पायरी जरा उंच आहे. मी म्हटलं, "चल विशाला."

मी भरभर चालले असं नाही. मी माझ्या चालीनं चालले आणि तुला बोलतं ठेवलं. दादाबद्दल विचारलं, लग्नातल्या साड्यांबद्दल विचारलं, नैरोबीच्या थंडीत अंगावर काय घालशील ते विचारलं. तू प्रत्येक वेळी उत्तर दिलंस. आधी पुरी वाक्यं, मग अर्धी, मग नुसतं हौ आणि नक्को. तुला वाटलं असेल, हेमाला आज किती आपुलकी आली आहे. आम्हाला वॉर्डात असंच शिकवतात, रोग्याला बोलायला लावा आणि वाक्य कुठे तुटतं ते पाहा.

मंडपाच्या सावलीत तू बसलीस. ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले होते. मी तुझं मनगट धरलं. तू म्हणालीस, "तुझा हात थंड बहु हेमा. बरं वाटालं." मी नाडी पाहत होते. मग पदर सारखा करायच्या निमित्तानं मी तुझ्या पाठीला कान टेकला, आणि तू आपलं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलंस. जे ऐकू यायला पाहिजे होतं ते मला स्वच्छ ऐकू आलं.

त्यानंतर तू जे बोललीस ते मी तुझ्याच शब्दांत देते, म्हणजे त्यात माझं काही मिसळायला नको. तू म्हणालीस, "रागावूं नको हेमा. ल्हान असतांना सांधे सुजले, ताप आला, तेव्हांपासून हें असं. तुझ्या दादाला मी अस्कं लिहिलं आहे, कांही न राखतां, इंग्लिशांत. लेकरूं नाही जालं तरी चालेल, तरी तूंच, असं त्यानं लिहिलं. तुझ्या आईला तेवढं सांगूं नको. आणि अप्पांना सांगूं नको की मी त्याला सांगट्लं. त्यांनी माझ्याकडून आण घेतली होती."

मी मान हलवली. तुमच्याकडची मान कशी हलली म्हणजे हो आणि कशी हलली म्हणजे नाही, हे मला तीन वर्षांत नीट उमगलं नाही. तू माझी मान पाहिलीस आणि हसलीस.

तू वर आलीच नाहीस, म्हणून वरचं सांगते. खडकावर माणसं दाटीनं बसली होती. पुजारी पितळी भांडं घेऊन आला, साखरपोंगलाचे गोळे मांडले आणि आकाशाकडे तोंड करून बसला. बराच वेळ काहीच नाही. मग दोन पक्षी आले, मळकट पांढरे, पिवळ्या तोंडाचे. लोकांनी हात जोडले, एका बाईला रडू फुटलं. गिधाडंच ती, विशाला. गावाबाहेरची घाण साफ करणारी. पण तुपातला गोडभात इतक्या सवयीनं खात होती की त्यांना तोंडावर गिधाड म्हणायची माझी छाती झाली नसती. पोटभर खाल्लं, खडकाला चोच पुसली आणि गेली. मला जरा ओळखीचं वाटलं.

आत्यांनी विचारलं, "पोर कुठे?" मी म्हटलं, खाली बसली आहे, दमली. त्यांनी माझा हात धरला. "तू डाक्टर. तुला कळलंच," म्हणाल्या. "पावम गे ती, बिचारी. तिची आई गेली तेव्हां मांडीवर घेतली मी तिला. कोणाच्या घरांत चार वर्षं तरी नांदूं दे." मी त्यांना प्रसादाचा द्रोण दिला. अनंतू लांबून आमच्याकडे पाहत होता. त्याला कळलं असावं, पण तो काही बोलला नाही. न बोलणं हा त्याचा जुना गुण आहे.

त्याचं नाव आलंच, तर तेही होऊन जाऊ दे.

गेल्या फेब्रुवारीत मी अनंतूला एक पत्र लिहिलं होतं. त्याच्या लग्नाचं तेव्हा काही ठरलं नव्हतं, निदान मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ते मराठीत लिहिलं, कारण तसलं काही मला दुसऱ्या भाषेत लिहिताच आलं नसतं. आफ्रिकेत जन्मलेली मी मराठी वाचते, तर मराठी घरातला हा एवढा एम.ए. झालेला मुलगा वाचत नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही सगळे माझ्याशी मराठी बोलत होता. दादाचं पत्र दिवाळीचं, माझं त्याच्या आधीचं. तुमच्याकडे मराठी पत्र कसं वाचतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढचं मला तूच सांगितलंस, मला वाईट वाटू नये म्हणून हसत हसत. अनंतूनं पाकीट फोडलं, अक्षर पाहिलं आणि नेहमीसारखं अप्पांच्या हातात दिलं. अप्पा झोपाळ्यावर बसले, चष्मा पुसला. त्या दिवशी अलमेलूचे वडील, तुझे मामा, आलेले होते. तेही बसले. दुसऱ्या ओळीतच काय ते कळलं असणार, पण पत्र मध्येच सोडायचं नाही. अप्पांनी ते खणखणीत आवाजात शेवटपर्यंत वाचलं. अनंतूच्या हाताबद्दल मी जे लिहिलं होतं तेही वाचलं. माझी सहीसुद्धा वाचली. मग घडी घालून म्हणाले, "पोर मराठी नीट लिहिते." आणि मामा हसले. तूही हसलीस, असं तूच म्हणालीस. थोडंसं.

पुढच्या शनिवारी, काहीच माहीत नसलेली मी, वेणीत फूल माळून जेवायला आले. सगळे किती चांगले वागलात माझ्याशी. अप्पांनी जेवताना सहज सांगितलं की आमच्यांत मामाची पोरच घरांत येते, जुनी रीत आहे. मी म्हटलं, हो का, आणि भात घेतला. तू मला त्या रात्री खोलीत सांगितलंस. त्यानंतरही मी येत राहिले, कारण न येणं म्हणजे मला लागलं असं झालं असतं. जूनमध्ये त्या लग्नाच्या पंगतीत मी वाढलंसुद्धा.

अप्पांनी मला नाही म्हटलं याचा मला राग नाही. आमच्याकडेही नाही म्हणतात. पण ते पत्र घडी घालून मला परत देता आलं असतं. मी बावीस वर्षांची होते, आणि ते मी एका माणसासाठी लिहिलं होतं.

आईला मी काल पत्र टाकलं, विमानाचं. आठवड्यात पोचेल. मनगटाला काय लागलं, कानाला काय आलं, बाळंतपणात अशा बाईचं काय होतं, सगळं आमच्या पुस्तकात जसं आहे तसं लिहिलं. खोटं एक अक्षर नाही. दादाला हे आधीपासून ठाऊक होतं आणि त्यानं लपवलं, हेही लिहिलं. दादा फार चांगला मुलगा आहे, पण आईपुढे तो बोलत नाही. त्याच्या पत्रांवरून तुला हे कळलं नसेल, पत्रात तो धीट असतो. एप्रिलच्या बोटीची तिकिटं आई रद्द करील.

एक गोष्ट मी आईला लिहिली नाही. अशा हृदयाची आवळलेली झडप आता शस्त्रक्रियेनं मोकळी करता येते. आमच्या वॉर्डातून दोन बायका तशा बऱ्या होऊन आपल्या पायांनी घरी गेल्या. हे लिहिलं असतं तर आई विचारात पडली असती, थांबू म्हणाली असती. म्हणून नाही लिहिलं. तुम्ही मात्र मोठ्या डॉक्टरला विचारा. आणि मुलीचं दुखणं दडवण्यात वर्षं घालवली नसती तर हे तुम्हाला आधीच कोणी सांगितलं असतं.

विशाला, तुझ्याशी माझं वैर नाही. मद्रासमध्ये मला तुझ्याइतकं जवळचं कोणी नव्हतं, आणि त्या मंडपात तू खांद्यावर डोकं ठेवलंस तेव्हा मला रडू येत होतं. तरी मी हे केलं. तू मध्ये होतीस.

हे सगळं तुला इंग्रजीत लिहिता आलं असतं. तू ते एकटीनं वाचलं असतंस, फाडून चुलीत टाकलं असतंस, आणि आण मोडल्याचं अप्पांना कधी कळलं नसतं.

अप्पा, इथवर आलात. घसा कोरडा पडला असेल तर अलमेलू पाणी देईल, पण तिला लगेच खाली बसायला सांगा. आत्या, चुलीवर काही असेल तर असू दे. अनंतू, आता तरी काही बोल, निदान बहिणीशी. तिला धाप लागली असेल तर पाठीशी उशा द्या, तीन लागतात.

येत्या शनिवारी माझं पान मांडू नका. आता थोडंच उरलं आहे, अप्पा, सहीपर्यंत वाचा. मागच्या वेळीही वाचली होतीत.

तुमची,
मराठी नीट लिहिणारी पोर,
हेमलता